दोनशे छत्तीस ग्रॅमचा मासा

"मान मोडेल एक दिवस!" दानियल गावित म्हणाला. "चार-चार तास त्या फोनमध्ये डोकं. ना हलणं, ना बोलणं. कोणी हाक मारली तर नुसता हात वर करायचा, थांब म्हणून. हा काय खेळ झाला?"

हे तो आपल्या पोरीला, प्रिस्किलाला सुनावत होता. पण सुनावताना त्याचं स्वतःचं डोकं पितळी परातीत होतं. परातीत कणीक, भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट, बडीशेप आणि आणखी एक जिन्नस, जो काय आहे ते त्याने लग्नाला तीस वर्षं झाली तरी बायकोला सांगितलेलं नव्हतं. हा गोळा तो वीस मिनिटं मळत होता. तेवढ्या वेळात सुसानाने "चहा घेता का?" असं दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा त्याने न बघता नुसता हात वर केला होता.

"बाप तसा, पोर तशी," सुसाना म्हणाली आणि चहा परत चुलीवर ठेवला.

"माझी गोष्ट वेगळी आहे," दानियल म्हणाला. "मी स्पर्धेला चाललो."

"मग मीपण स्पर्धेलाच चालली," प्रिस्किला म्हणाली.

आणि ते खरंच होतं. सव्वीस जानेवारी होती. झेंडावंदन उरकलं की आठ ते बारा या वेळात उकाई धरणाच्या फुगवट्याच्या काठावर मच्छीमार सोसायटीची गळ टाकण्याची स्पर्धा होती. आणि त्याच दिवशी साडेबाराला प्रिस्किलाच्या चौघींच्या संघाची, 'रंगावली रायडर्स'ची, जिल्ह्याच्या मोबाईल गेमची अंतिम फेरी होती. चौघी चार गावांना बसून खेळणार होत्या. प्रिस्किला कप्तान. एकतीस संघांना मागे टाकून त्या इथवर आल्या होत्या, आणि जिंकल्या तर पुढे थेट नाशिक. अडचण एवढीच होती की गावितांच्या घरात फोनला नेटवर्कची एक काडी यायची, तीही खिडकीतून हात बाहेर काढला तर. पाण्याच्या काठावर मात्र पलीकडच्या गुजरातच्या टॉवरमुळे चारही काड्या भरून यायच्या.

म्हणून मोटरसायकलवर पुढे दानियल, मागे प्रिस्किला, दोघांच्या मधे आडवी बांबूची काठी, अशी वरात निघाली. निघताना सुसानाने पोरीच्या गळ्यात एक प्लास्टिकची पिशवी अडकवली. पाणी शिरत नाही अशी, लांब नाडीची. "पाण्याजवळ चालली आहेस. फोन यात ठेव."

"मम्मी, मी काठावर बसणार आहे, पाण्यात नाही."

"तुझे पप्पा पण काठावरच बसतात. दर वेळी कंबरेपर्यंत भिजून येतात."

दानियल दोन वर्षांपूर्वी नवापूर डेपोतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाला होता. चौतीस वर्षं उभ्याने तिकिटं फाडल्यावर माणसाला एका जागी गप्प बसायची केवढी हौस येते, हे ज्याने तिकिटं फाडली त्यालाच कळेल. गळ टाकण्यात त्याचा हात चांगला होता. फक्त एक सल होता. गेली तीन वर्षं तो या स्पर्धेत दुसरा येत होता, आणि पहिला येत होता जोसेफ वसावे. जोसेफ म्हणजे त्याचा सख्खा साडू. कोंबड्यांचा धंदा, घरात पैसा, आणि विजेत्याची ढाल दिवाणखान्यात बरोबर पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर. नाताळला जेवायला गेलं की दानियलला नेमकी त्या ढालीसमोरची खुर्ची मिळायची.

काठावर बावीस स्पर्धक आपापल्या खुणेवर येऊन बसले होते. जोसेफकडे यंदा नवी विलायती काठी होती. शिवाय घडीची खुर्ची, टोपी आणि काळा चष्मा.

"चष्म्याने काय होतं रे?" दानियलने विचारलं.

"पाण्यावरची चमक मारतो. आतला मासा दिसतो," जोसेफ म्हणाला.

प्रिस्किला हसली. "आमच्यातपण एक आहे असा. बोटांत घालायचे मोजे घेऊन येतो. म्हणतो, घामाने बोट सरकत नाही. हरला की म्हणतो, आज नेटवर्क नव्हतं."

"आणि हा हरला की म्हणतो, आज वारा होता," जोसेफने दानियलकडे बोट दाखवलं.

"गेल्या वर्षी वारा होताच!" दानियल म्हणाला.

शिट्टी वाजली. ती वाजवली पंच आमशा नाईक यांनी. आमशाभाऊ ग्रामसेवक म्हणून निवृत्त झाले होते आणि आता सोसायटीचे सचिव होते. एरवी ते चारचौघांसारखं बोलत. पण हातात नियमांचा कागद आला की त्यांच्या तोंडून कचेरीचं मराठी सुरू व्हायचं. "स्पर्धकाने आपली जागा सोडू नये. काठीस अन्य व्यक्तीने हात लावू नये. स्पर्धा समाप्त होईपर्यंत कोणीही पाण्यात उतरू नये. शांतता राखावी."

शांतता झाली. प्रिस्किला बापामागे आठ-दहा हातांवर बाभळीखाली बसून बोटं मोकळी करण्यापुरता सराव खेळू लागली. बापलेकींचं तोंड एकाच दिशेला, माना सारख्याच वाकलेल्या.

अकरा वाजता आमशाभाऊंनी फळ्यावर आकडे लिहिले. जोसेफ तीन किलो चारशे. दानियल तीन किलो अडीचशे. बाकीचे खूप मागे. दीडशे ग्रॅम! म्हणजे एक वीतभर लांबीचा मासा. दानियलने खाली मान घालून गळाला नवा गोळा लावला. त्याचे ओठ हलत होते. तो प्रार्थना करत होता की साडूला काही बोलत होता, हे सांगणं कठीण.

सव्वाअकराला त्याच्या दोरीवरचा तरंगा एकदम पाण्याखाली गेला.

तरंगा नुसता बुडला नाही, कोणी खाली ओढून नेल्यासारखा गेला. दानियलने झटका दिला आणि बांबू कमानीसारखा वाकला. "आला!" तो ओरडला. बावीस माना वळल्या. प्रिस्किलाने सराव तसाच सोडला आणि धावत पाण्याच्या कडेला येऊन व्हिडिओ काढायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा ती बापाच्या नादात सामील झाली होती.

"पप्पा, ढील द्या, ढील द्या! थकू द्या त्याला!"

"जाळी घे! व्हिडिओ राहू दे, जाळी घे!"

जाळी धरायला घरच्या माणसाला परवानगी होती. पण जाळीला दोन हात लागतात आणि तिच्या एका हातात फोन. गळ्यातून पिशवी तिने व्हिडिओसाठी काढलेली. खाली सगळा चिखल. "हे धरा!" म्हणत तिने फोन पिशवीसकट बापाच्या शर्टाच्या खिशात खुपसला आणि जाळी उचलली.

मासा वर आला. चांगला तांबूस, हातभर लांबीचा रोहू. जाळी त्याच्या खाली गेली. दानियल आनंदाने त्याला बघायला वाकला.

आणि खिशातून फोन सरकला.

'डुबुक्' असा लहानसा आवाज झाला. दानियलचा हात काठी सोडून फोनच्या मागे गेला, तेवढ्यात माशाने शेपटी हाणली, दोरी सैल पडली, आणि फोन एका बाजूने व मासा दुसऱ्या बाजूने, असे दोघेही दिसेनासे झाले.

मग प्रिस्किला म्हणाली, "पप्पा." एवढंच. दानियलला वाटलं, ती रडली असती तर बरं झालं असतं.

"दुसऱ्या कोणाच्या फोनवर खेळ ना," जोसेफ आपल्या खुर्चीवरून म्हणाला. "माझा घे."

"नाही चालत मावसा. ज्या फोनची नोंद त्याच फोनवर खेळायचं. नियम आहे. साडेबाराला हजेरी बंद होते. मी नसली तर चौघी बाद."

दानियलने चपला काढल्या आणि पँट गुडघ्यापर्यंत वळली. लगेच काठभर ओरडा झाला. "ओ भाऊ! पाण्यात नको! मासे पळतील!" आमशाभाऊ कागद फडफडवत धावत आले. "स्पर्धा समाप्त होईपर्यंत कोणीही पाण्यात उतरू नये. नियम सात."

"अहो, पोरीचा फोन आहे!"

"मला समजतं हो दानियलभाऊ," आमशाभाऊ साध्या आवाजात म्हणाले. मग त्यांची नजर कागदावर गेली. "परंतु नियम सात. शिवाय खाली बुडालेल्या बाभळी आहेत. पाय अडकला तर जबाबदारी संस्थेवर."

उतरायचं नाही, तर मग एकच वाट होती. दानियलने गळावरचा गोळा काढून फेकला आणि रिकामा गळ फोन पडला तिथे सोडला. पिशवीला नाडी होती. नाडीत गळ अडकला तर फोन वर येणार होता. पण त्याचा गळ बारीक. एकदा पानांचा गुंता आला, एकदा बाभळीची काटकी. शेजारच्या खुणेवर शहाद्याकडून आलेला दोधू पाटील होता. त्याला राहवलं नाही. "काय करी ऱ्हायना भाऊ? धाकला गळ शे तुन्हा. मोठा लाव!"

"मोठा आणू कुठून?"

तेव्हा जोसेफ खुर्चीतून उठला. आपल्या डब्यातून त्याने तीन वाकड्या आकड्यांचा एक विलायती गळ काढला आणि साडूच्या हातावर ठेवला. "हा लाव. यातून काही सुटत नाही."

"तुझी जागा सोडली तू," दानियल म्हणाला.

"सोडली तर सोडली. भाची आहे माझी." आमशाभाऊंनी कागद चाळला, पण जागा सोडली तर शिक्षा काय, ते त्यात लिहिलेलं नव्हतं.

नवा गळ पाण्यात गेला. पण पडला भलतीकडेच. प्रिस्किलाने काठीला हात घातला, तशी आमशाभाऊंची शिट्टी वाजली. अन्य व्यक्तीने हात लावायचा नव्हता. मग ती काठाच्या दगडावर चढली, डोळे बारीक करून पाण्याकडे बघितलं, आणि तिचा आवाजच बदलला. रोज रात्री बंद दाराआडून दानियलला ऐकू यायचा तोच आवाज, पण आज त्याला त्यातला शब्द न् शब्द कळत होता.

"पप्पा, डावीकडे दोन हात. थांबा. आता खाली सोडा. अजून. तळाला लागला का?"

"लागला."

"मग हलू नका. पांढरंसं काही दिसून राहिलं तिकडे. तिथेच आहे. हळू माझ्याकडे ओढा. हळू! घाई केली तर गेलं समजा. ओढा... थांबा. काही लागलं?"

"जड लागतंय."

"काटकी असेल तर?"

"काटकी नाही," दानियल कुजबुजला. वीस वर्षांच्या गळाने त्याच्या बोटांना शिकवलं होतं, काय जिवंत, काय मेलेलं आणि काय मधलं. "हे मधलं आहे."

"आता!"

बांबू वर गेला. तिन्ही आकड्यांत नाडी अडकलेली, पाणी गाळत, शेवाळाची दाढी लावून फोनची पिशवी हवेत झोका घेऊ लागली. काठभर टाळ्या पडल्या. अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटं झाली होती. प्रिस्किलाने हात पुढे केला.

त्याआधी आमशाभाऊंचा हात पुढे आला. "क्षमस्व. नियम अकरा. 'गळास लागून जे जे पाण्याबाहेर येईल, ते ते वजनात धरण्यात येऊन संस्थेच्या टाकीत जमा होईल.'"

"अहो, तो फोन आहे!"

"नियमात 'जे जे' लिहिलं आहे." गेल्या वर्षी एकाच्या गळाला खेकडा आला होता, आणि खेकडा मासा धरायचा की नाही यावर सव्वा तास भांडण झालं होतं. पुन्हा तसं होऊ नये म्हणून आमशाभाऊंनी स्वतः बसून हे 'जे जे' घातलं होतं. त्यात फोनची शक्यता राहून गेली होती, ही गोष्ट त्यांनाही आत कुठे तरी टोचत होती. पण लिहिलेलं ते लिहिलेलं. त्यांनी फोन पिशवीसकट वजनकाट्यावर ठेवला. दोनशे छत्तीस ग्रॅम.

बाराची शिट्टी वाजली. दोधूने फळ्याकडे बघत तोंडातल्या तोंडात बेरीज केली आणि ओरडला, "अरे भाऊ! तीन किलो चारशे शहाऐंशी! तू पहिला शे!"

जोसेफने काळा चष्मा काढला. "माझाच गळ," तो म्हणाला. "माझ्याच गळाने?"

दानियल फळ्याकडे बघत राहिला. शहाऐंशी ग्रॅमने तो पहिला होता. तीन वर्षं. ती खुर्ची. ती ढाल. नाताळला आता जोसेफला आपल्या घरी बोलवायचं आणि कुठे बसवायचं, हेसुद्धा त्याच्या डोळ्यांसमोर येऊन गेलं.

"आमशाकाका, मला फोन कधी मिळेल?" प्रिस्किलाने विचारलं.

"निकाल घोषित झाल्यावर. पाहुणे दोन वाजता येणार आहेत."

"माझी हजेरी साडेबाराला बंद होते."

आमशाभाऊंनी खरोखर वाईट चेहरा केला आणि फोन टाकीत, जमा झालेल्या माशांमध्ये, अलगद सोडला. एक कटला येऊन त्याला हुंगून गेला.

याच वेळी सुसाना भाकरी आणि मटणाचा डबा घेऊन रिक्षातून उतरली. काय झालं ते दोन वाक्यांत ऐकल्यावर तिने नवऱ्याकडे नुसतं बघितलं. दानियलने मान फळ्याकडून वळवली. जरा जड गेली, पण वळली. "आमशाभाऊ, मासा सोडून द्यायचा असला तर काही नियम आहे का?"

"आहे ना. नियम नऊ. 'स्पर्धकास आपला मासा निकालापूर्वी पाण्यात सोडून देता येईल. त्याचे वजन धरले जाणार नाही.'"

"मग तो फोन सोडून दिला म्हणा."

"वजन जाईल, दानियलभाऊ. तुम्ही दुसरे व्हाल."

"सवय आहे," दानियल म्हणाला.

आमशाभाऊंनी फोन टाकीतून काढला, आणि सगळे हसऱ्या चेहऱ्याने बघत असतानाच ते पाण्याच्या दिशेने चालू लागले.

"ओ! कुठे चालले?" सुसाना ओरडली.

"पाण्यात सोडायला. नियमात तसं..."

सुसानाने हात धुवायला आणलेली बादली त्यांच्या पुढ्यात आपटली. "हे काय ताक आहे?"

आमशाभाऊंनी बादलीत बघितलं, कागदात बघितलं. पाणी किती असावं हे कागदात नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा सुटका दिसली. त्यांनी फोन बादलीत सोडला, "सोडला!" असं मोठ्याने जाहीर केलं, आणि पुढच्या क्षणी प्रिस्किलाचा हात बादलीत होता. पिशवी आतून कोरडी होती. बारा सव्वीसला फोन सुरू झाला. अठ्ठाविसाव्या मिनिटाला तिकडून तिच्या संघातल्या, पुरुषोत्तमनगरच्या सीमाचा आवाज आला, "कुठे मेली होतीस गं?"

खेळ सुरू झाला आणि प्रिस्किला बाभळीखाली मांडी घालून बसली. आधी तिच्या मागे फक्त दानियल उभा होता. मग जोसेफ आला, मग दोधू, मग एकेक करत सगळा काठच. इतके चांगले प्रेक्षक त्या खेळाला कधी मिळाले नसतील. कोणी खोकत नव्हतं. कोणाची सावली फोनवर पडत नव्हती. तिचा खेळाडू गवतात पालथा पडून राहिला, एक मिनिट, दोन, पाच.

"हाई पोर काबर हली नई ऱ्हायनी?" दोधूने अगदी हळू विचारलं.

"बसू दे," दानियल पुटपुटला. "समोरचा स्वतःहून येईल."

"बरोबर," जोसेफ म्हणाला. "हललं की गेलं."

तेवढ्यात पाहुण्यांची जीप आली. तालुक्यात पाहुणे वेळेआधी येण्याची ही पहिलीच खेप असावी. हार घेऊन कोणी पुढे आलं नाही. पाहुण्यांनी घसा खाकरला, तर बावीस माणसांनी मागे न बघता "शूऽऽ" केलं. आमशाभाऊंनीसुद्धा. पाहुणे चवड्यांवर चालत आले आणि दोधूच्या खांद्यावरून बघू लागले.

शंभर खेळाडूंतले पाच उरले. मग तीन. प्रिस्किला, सीमा आणि झाडामागे लपलेला कोणी एक. झाडामागून त्याचं कोपर जरासं बाहेर आलं. प्रिस्किलाचा अंगठा फोनवर अलगद टेकला. सगळ्यांनी श्वास धरला.

आणि प्रिस्किलाने मान वर केली.

स्पर्धा संपली तरी पाण्यात दोरी नसली की जोसेफला चुकल्यासारखं व्हायचं. म्हणून त्याने आपली विलायती काठी दगडाला टेकवून ठेवली होती, गळ पाण्यात. ती काठी दगडावरून सरकत, आपल्या पायांनी निघाल्यासारखी, पाण्याकडे चालली होती.

"मावसा! काठी गेली!"

बाविसांपैकी एकालाही ते दिसलं नव्हतं. सगळे पाण्याकडे धावले. आमशाभाऊ पण. पाहुणे पण. जोसेफने काठी शेवटच्या विताला धरली, दानियलने जोसेफचा पट्टा धरला, दोधूने दानियलचा. कंबरेपर्यंत भिजत, घसरत, शिव्या देत पंधरा मिनिटांनी त्यांनी जो कटला बाहेर काढला तो नऊ किलो दोनशे भरला. वेळेनंतरचा म्हणून तो वजनात धरता आला नाही. जोसेफला ढाल मिळाली ती तीन किलो चारशेची, आणि फोटोत ढालीपेक्षा शेजारी उताणा पडलेला कटलाच मोठा दिसत होता.

प्रिस्किलाचा खेळाडू अर्थातच मान वर केली त्याच क्षणी मेला होता. एकट्या पडलेल्या सीमालाही त्या झाडामागच्याने गाठलं. 'रंगावली रायडर्स' दुसऱ्या आल्या.

ऊन उतरल्यावर बापलेक घरी निघाले. मोटरसायकलजवळ आल्यावर दानियलला राहवेना.

"वीस मिनिटं दबा धरून बसली होतीस. समोरचा अगदी टप्प्यात आला होता. आणि ऐन वेळी पाण्याकडे बघत बसलीस? खेळताना लक्ष कुठे असतं तुझं?"

"तुम्ही बावीस जण होते पप्पा," प्रिस्किला म्हणाली. "एकाने तरी पाण्याकडे बघायला पाहिजे होतं ना?"

दानियलने किक मारली. गाडी सुरू झाली नाही. मग त्याने मान वळवून एकदा पाण्याकडे बघून घेतलं, आणि पुन्हा किक मारली.